व्हॅन गॉगचं १८८९चं सेल्फ पोर्ट्रेट: तैलरंगात हाताने प्रत करताना (आणि विकत घेतानाही)

जवसतेल (धागाकर्ता)

फिरोजी वळणांच्या पार्श्वभूमीवर नारिंगी दाढीचा चेहरा, नजर थेट आपल्यावर. सप्टेंबर १८८९मध्ये सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना केलेलं हे चित्र आता पॅरिसच्या म्युझे दॉर्सेमध्ये आहे. त्याच सुमाराचं, हातात पॅलेट घेतलेलं दुसरं एक सेल्फ पोर्ट्रेट वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि प्रती विकणाऱ्या साइटवर या दोघांची सर्रास अदलाबदल होते. हा धागा फक्त दॉर्सेच्या चित्राबद्दल.

या चित्राच्या प्रती चेहऱ्यात कमी आणि पार्श्वभूमीत जास्त फसतात. चेहरा लोक जीव ओतून रंगवतात, मग मागची जागा नुसती 'भरून' टाकतात. इथे कोट आणि पार्श्वभूमी जवळजवळ एकाच रंगाची आहेत. कोट वेगळा दिसतो तो फटकाऱ्यांची दिशा आणि कडेची गडद निळी रेघ या दोनच गोष्टींमुळे. दिशा चुकली की कोट पार्श्वभूमीत विरघळतो, आणि ते सावरायला रेघ जाड केली की माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

माप: मूळ चित्र ६५ × ५४.२ सेंमी. उंची भागिले रुंदी = १.२. तयार मिळणाऱ्या मापांत २४ × २० इंच अगदी याच प्रमाणात बसतं, ३० × २५ सुद्धा. २४ × १८ घेऊ नका. त्याचं प्रमाण १.३३ आहे. त्यावर चित्र बसवायचं तर एकतर बाजू कापाव्या लागतात किंवा चेहरा लांबुडका होतो. विकायला ठेवलेल्या कित्येक प्रतींत नेमका हाच लांबुडका चेहरा दिसतो.

२४ × २०चा आणखी एक फायदा म्हणजे ४ इंची चौकोनांची जाळी बरोबर ६ ओळी आणि ५ स्तंभांत बसते, उरतं काही नाही. संदर्भ-फोटोवरही ६ × ५चीच जाळी. फक्त डोळे-नाक येतात त्या चौकोनांचे पुन्हा चार-चार भाग करा.

रेखाटन पेन्सिलीने करू नका. तैलरंगाचा थर वर्षांनुवर्षं अधिकाधिक पारदर्शक होत जातो आणि फिक्या रंगाखालची शिसपेन्सिल वर दिसू लागते. कोळशाने आखा, कापडाने झटका, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या कोबाल्ट ब्लूने बारीक कुंचल्याने पक्कं करा. ही निळी रेघ कुठे उघडी राहिली तरी चित्राच्या घरातलीच वाटते.

रंगांची यादी खाली देतो, कंसात रंगद्रव्याचा कोड.


जवसतेल

२४ × २०साठी लागणारे रंग:

टायटॅनियम व्हाइट (पीडब्ल्यू ६), जवसाच्या तेलात घोटलेला, २०० मिली
व्हिरिडियन (पीजी १८)
कोबाल्ट ब्लू (पीबी २८)
अल्ट्रामरीन (पीबी २९)
कॅडमियम यलो लाइट, कॅडमियम ऑरेंज, कॅडमियम रेड लाइट
यलो ओकर (पीवाय ४३)
प्रशियन ब्लू, अगदी थोडा

पांढरा सोडून बाकी सगळे ४० मिलीच्या एकेका ट्यूबमध्ये भागतात.

हिशोब असा. कॅनव्हास साधारण ६१ × ५१ सेंमी, म्हणजे ३१०० चौ. सेंमी. सरासरी जाडी अर्धा मिलिमीटर धरली तरी १५५ मिली रंग लागतो. त्यातला तीन चतुर्थांश भाग पार्श्वभूमी आणि कोटाचा. म्हणून फिरोजीचे ढीग एकूण १२० मिली तरी आधीच घोटून ठेवा. अर्ध्यात रंग संपला आणि पुन्हा घोटला, तर तीच छटा परत येत नाही. मग कोणत्या दिवशी कुठवर काम झालं होतं हे चित्रातच वाचता येतं.

ढीग तीन.
मधला: पांढरा ८ भाग, व्हिरिडियन १, कोबाल्ट अर्धा, कॅडमियम यलो टाचणीच्या डोक्याएवढा.
फिका: मधला १, पांढरा २.
निळा: पांढरा ६, कोबाल्ट १, व्हिरिडियन चिमूटभर.

हे आकडे सुरुवातीपुरते. कंपनी बदलली की रंगाचा जोर बदलतो. कॅनव्हासच्या कडेला ठिपका लावून, छापील संदर्भाशेजारी धरून मगच पक्कं करा.


कुंचला_नं_८

छान धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक भर घालतो. मूळ चित्राच्या काळात 'एमराल्ड ग्रीन' म्हणून जो रंग होता, तो तांबं आणि आर्सेनिकचा विषारी रंग. आज त्याच नावाने मिळणारी ट्यूब म्हणजे बहुधा थॅलो हिरवा, पांढरा आणि एखादा पिवळा यांचं मिश्रण असतं. नाव बघून घेऊ नका, मागे छापलेला रंगद्रव्याचा कोड बघा. व्हिरिडियन महाग पडतो म्हणून थॅलो ग्रीन (पीजी ७) वापरणारे पुष्कळ आहेत. चालतो, पण त्याचा जोर भयंकर. वरच्या 'मधल्या' ढिगात व्हिरिडियनच्या एका भागाऐवजी थॅलो काडीच्या टोकावर येईल इतकाच घ्या. शिवाय तो जरा जास्तच भडक आणि थंड दिसतो. कणभर नारिंगी घालून त्याचा भडकपणा मोडावा लागतो.


ऊनसावली

झिंक व्हाइट का नाही? व्हॅन गॉगने वापरला होता ना?


जवसतेल

वापरला होता, लेड व्हाइटही वापरला होता. पण झिंकचा थर वाळल्यावर ठिसूळ होतो आणि कॅनव्हाससारख्या हलत्या पृष्ठभागावर जाड लावला की तडकतो किंवा खालच्या थरापासून सुटतो. लेड व्हाइट या कामाला सगळ्यात चांगला, फटकाऱ्याची कड धरून ठेवणारा, पण विषारी. बऱ्याच ठिकाणी त्यावर निर्बंधही आहेत. टायटॅनियम सुरक्षित आहे, पण हाताखाली लोण्यासारखा मऊ पडतो आणि फटकाऱ्याचे काठ बसतात. उपाय सोपा आहे. घोटण्याआधी रंग ब्लॉटिंग पेपरवर किंवा पुठ्ठ्यावर १५-२० मिनिटं काढून ठेवा. जादा तेल शोषलं जातं आणि रंग कडक होतो. जास्त वेळ ठेवलात तर मात्र तो रोडका (तेल कमी पडलेला) होऊन धरत नाही, खपलीसारखा सुटतो.


खरडवही

आता फटकाऱ्यांबद्दल थोडं लिहितो, कारण खरा खेळ तिथे आहे.

मोठ्या रिझोल्यूशनचा फोटो उघडा आणि एका चौकोनात बघा की कुठला फटकारा कुठल्यावर चढलाय. वरचा फटकारा खालच्याची कड कापतो. ओल्यात ओला असेल तर खालचा थोडा रंग ओढत नेतो, तिथे दोन रंगांची दोरी वळल्यासारखी दिसते. खालचा वाळलेला असेल तर वरचा रंग खालच्या उंचवट्यांवर अडकत जातो आणि खाचा तशाच राहतात. हा क्रम कागदावर नोंदवा. पार्श्वभूमीची वळणं डोक्याच्या कडेपर्यंत येऊन कशी वळतात, कुठे केस पार्श्वभूमीवर आलेत आणि कुठे पार्श्वभूमीने केसांची कड खाल्लीय, हे आधी ठरवल्याशिवाय रंगाला हात लावू नये.

कुंचला: पार्श्वभूमीला ८ ते १० मिमी रुंदीचा, डुकराच्या केसांचा चपटा (फ्लॅट). चेहऱ्याला ४ ते ६ मिमी. मऊ सिंथेटिकने केसांच्या रेघा उमटत नाहीत, फटकारा प्लास्टिकसारखा गुळगुळीत येतो.

हात: कुंचला भरून घ्या, टेकवा, ओढा, उचला. एकदाच. परत त्यावरून फिरवायचं नाही. चुकला तर पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) खरवडून काढा आणि नव्याने मारा. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी कुंचला कापडाला पुसा, नाहीतर तिन्ही ढिगांचा मिळून एकच चौथा ढीग होतो.

आणि वळण मनगटाने मारू नका, खांद्यापासून मारा. मनगटाने मारलेली वळणं एकसारख्या त्रिज्येची येतात, जिलबी तळल्यासारखी. मूळ वळणं असमान आहेत, मध्येच तुटतात, एकमेकांत शिरतात.


अर्धवर्तुळ

+१. जिलबी :))

विकाऊ प्रतींमध्ये आणखी एक दिसतं. व्हॅन गॉगचंच 'स्टारी नाइट' त्याच वर्षी जूनमधलं, म्हणून लोक त्यातली मोठमोठी भोवरेदार चक्रं इथे आणून बसवतात. या चित्रात ती तशी नाहीत. इथली वळणं धुरासारखी आहेत आणि कोटावरही तीच लय उतरलीय.


ऊनसावली

चेहऱ्याला 'फ्लेश टिंट'ची ट्यूब घेतली तर?


खरडवही

नको. गुलाबी बाहुली होईल. हा चेहरा ओकर, पांढरा आणि हिरवा यांचा आहे. भुवयांखाली, गालाच्या खोलगट भागात, नाकाच्या बाजूला हिरवट छटा, आणि तिला लागूनच उबदार नारिंगी-पिवळे फटकारे. दोन्ही मिसळायचे नाहीत, शेजारी ठेवायचे. चार फुटांवरून डोळा ते मिसळतो.

सुरुवातीला चार ढीग पुरतात: पांढरा + ओकर, त्यातच थोडा कॅडमियम ऑरेंज, पांढरा + ओकर + व्हिरिडियन, आणि गडद म्हणून ओकर + व्हिरिडियन + थोडा रेड. काळा कुठेच नको, डोळ्यांच्या रेघांनाही नको. तिथे प्रशियन ब्लू आणि लाल यांचं मिश्रण चालतं. डोळ्यातला पांढरा भागही पांढरा नाही, तो राखी-हिरवा आहे. शुभ्र ठिपका दिलात की नजर भेदक न राहता घाबरलेली दिसते.

दोन्ही डोळे सारखे करण्याचा मोह होतो. ते सारखे नाहीत. जाळीत जे दिसतं तेच उतरवा. हाताला 'दुरुस्ती' करायची सवय असेल तर फोटो आणि कॅनव्हास दोन्ही उलटे ठेवून हा भाग आखा. जाता जाता: हे आरशात बघून केलेलं चित्र आहे, म्हणून फोटो 'सरळ' करायच्या नादात त्याचं डावं-उजवं फिरवू नका. तशा फिरवलेल्याही प्रती फिरतायत.


कोबाल्ट_२८

दाढी ओल्यात ओली करावी की वाळू द्यावी? मूळ चित्रकार भराभर काम करायचा, मग ओल्यातच व्हायला हवं.


जवसतेल

त्याचा हात वेगळा होता. प्रत करणारा दर फटकाऱ्याला थांबून फोटो बघतो आणि त्या थांबण्यातच चिखल होतो. नारिंगी आणि फिरोजी हे एकमेकांचे पूरक रंग. शेजारी असले की दोन्ही पेटतात, मिसळले की दोन्ही मरतात. ओल्या फिरोजीवर नारिंगी फटकारा टाका आणि नीट बघा: पहिला सेंटीमीटर झकास नारिंगी, मध्ये मातकट, आणि कुंचला उचलतो तिथे शेवाळी-तपकिरी शेपूट. दाढीच्या कडेला अशी वीस शेपटं जमली की दाढी मळकी दिसते.

माझं मत: पार्श्वभूमी आणि कोट एका बैठकीत किंवा सलग दोन दिवसांत, डोक्याभोवती दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून. मग आठ-दहा दिवस थांबा. मग चेहरा. दाढी-केस शेवटी, आणि त्या सोडलेल्या फटीत पार्श्वभूमीचे आणि केसांचे मोजके फटकारे एकमेकांवर.


कोबाल्ट_२८

असहमत. तशी केली की डोक्याभोवती कुंपण दिसतं. आतल्या बाजूला एक ताजा थर, बाहेर एक जुना थर, चमकही वेगळी. कड ओल्यातच जुळली पाहिजे. त्यापेक्षा पार्श्वभूमीत अल्किड मीडियम (रंगात मिसळायचं, लवकर वाळणारं द्रव) घाला, थर एका दिवसात वरून वाळतो, आणि कडेचा पट्टा मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवा. फट नको, चांगला तीन-चार सेंटीमीटरचा पट्टा. तो पट्टा आणि केस एकत्र ओल्यात करा, प्रत्येक रंगाला वेगळा कुंचला घेऊन.


जवसतेल

पट्ट्याची कल्पना पटली, दोन-तीन मिलिमीटर कमीच आहेत. अल्किडबाबत एवढंच की तो वापरायचा तर सगळ्या चित्रात सारख्या प्रमाणात वापरा. वरचा थर लवकर वाळणारा आणि खालचा हळू वाळणारा असेल तर खालचा नंतर हलतो आणि वरचा फाटतो. आणि अल्किड घट्ट होऊ लागलं की थांबा. अर्धवट आवळलेल्या मिश्रणात फटकारा मारला तर कडा दोऱ्यासारख्या ओढल्या जातात.


अर्धवर्तुळ

काय-काय बिघडतं आणि का, हे एकदा एकत्र लिहा ना कुणीतरी.


खरडवही

लिहितो, जमेल तसं.

सुरकुत्या: थर जाड आणि त्यात वरून तेलही ओतलेलं. वरची साय आधी वाळते, तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळताना फुगतो, साय आक्रसलेल्या कापडासारखी चुण्या पाडते. इम्पास्टोमध्ये (जाड उठावाच्या रंगकामात) मीडियम जवळजवळ नकोच.

तडे: बहुतेक वेळा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी रोडका, मग तेलकट, हा नियम. पहिला पातळ थर टर्पेंटाइनचा, वरचे ट्यूबमधून थेट. तेलकट थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला थर चढवला की तो तडकणारच.

निस्तेज डाग: फार शोषणाऱ्या जेसोने (कॅनव्हासवरच्या पांढऱ्या अस्तराने) तेल ओढून घेतलं. यात रंग बिघडत नाही, फक्त चमक जाते. रंगवण्याआधी जेसोचा एक हात जास्त आणि हलका पॉलिशपेपर. झाल्यावर दिसले तर त्या जागी जवसाचं तेल अगदी पुसट चोळून लगेच कापडाने टिपा.

पिवळेपणा: ताजं चित्र अंधाऱ्या खोलीत किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवलं की जवसाचा थर पिवळा पडतो, फिरोजी लगेच हिरवट वाटू लागतो. घाबरू नका. काही दिवस उजेडात ठेवलं की बराचसा परत येतो.

आणि अॅक्रिलिक टेक्श्चर पेस्टने आधी खडबड करून वर तैलरंग चोपडणं. तांत्रिकदृष्ट्या थर टिकतो, पण दिसतं खोटं. उंचवटा एका दिशेला, रंग दुसऱ्या दिशेला. उंचवटा हा रंगाचाच असला पाहिजे.


रसिक_वाचक

आम्ही रंगवणारे नाही, घेणारे. 'शंभर टक्के हाताने रंगवलेलं' म्हणतात ते खरं की छपाईवर जेल फासलंय, हे कसं ओळखायचं?


कुंचला_नं_८

मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. खऱ्या रंगकामात उंचवट्याची कड आणि रंगाची कड एकाच जागी येते. छपाईवर पारदर्शक जेल असेल तर जेलच्या रेघा रंगांच्या सीमा ओलांडून बिनधास्त जातात, दाढीतून निघून थेट पार्श्वभूमीत. दहापट भिंगातून बघितलं की उंचवट्यांमधल्या सपाट जागी छपाईचे ठिपके दिसतात. चौकटीवर दुमडलेल्या कडा बघा. छपाईत चित्र तिथेही नीटनेटकं चालू राहतं, हाताच्या कामात तिथे रंग ओघळलेला, बोटं लागलेली, कुठे नुसता जेसो.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. फिकट छपाई, आणि वर खरोखरच तैलरंग. हाताने केलंय हे खोटं नाही, पण रेखाटन यंत्राचं. इथे पातळ भागांत बघायचं, जाड भागांत काही सापडत नाही.

ऑर्डर देताना विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: समोरून, तिरक्या उजेडात, आणि मागच्या बाजूने. साइटवर दाखवलेला फोटो बहुधा म्युझियमच्या मूळ चित्राचा असतो, तुम्हाला मिळणाऱ्या प्रतीचा नव्हे. चीनमधल्या शेनझेन शहरातल्या दाफेनसारख्या ठिकाणी अशा प्रतींचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं आणि तिथे हात खरोखर तयार असतात, पण एकाच चित्राची दर्जानुसार वेगवेगळी आवृत्ती मिळते. 'कुठल्या दर्जाची' हे विचारलं नाही तर साधी येते.


ऊनसावली

गुंडाळी करून पाठवतात, ती चालते का? इम्पास्टो चेपत नाही?


कुंचला_नं_८

ओला असेल तर चेपतोच. वरून वाळलेला जाड फटकारा आतून कित्येक महिने मऊ असतो. बबलरॅप थेट रंगावर आला तर त्याचे गोल ठसे कायमचे उमटतात, आणि मग विक्रेता म्हणतो वाहतुकीत झालं. सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद रंगावर, मग बाकीचं. गुंडाळायचंच तर रंगाची बाजू बाहेर आणि नळी जाड, निदान १५ सेंमी व्यासाची. बारीक नळीत रंग आत ठेवून गुंडाळलेलं इम्पास्टो उलगडताना तडकतं. जमत असेल तर चौकटीवर ताणलेलंच, खोक्यात मागवा.


कोबाल्ट_२८

रंगांबद्दल एक मुद्दा राहिला. प्रत आजच्या रंगांची करायची की १८८९च्या? व्हॅन गॉगने वापरलेले काही लाल लेक रंग (रंगीत अर्कापासून केलेले) उजेडाने उडालेत. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधले त्याचे गुलाब मूळचे गुलाबी होते, आज जवळजवळ पांढरे दिसतात. क्रोम यलोही काळपट होतो.


जवसतेल

सरळ सांगायचं तर, आज भिंतीवर जे आहे त्याचीच करा. 'मूळ रंग परत आणतो' म्हणून अंदाजाने गुलाबी-जांभळा ढकलणं म्हणजे प्रत नव्हे, तर्क आहे. पण उडणारे रंग वापरायची चूक तुमच्या प्रतीत नको. अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) उडतो, त्याजागी क्विनॅक्रिडोनचा लाल घ्या.

संदर्भ फोटो मात्र म्युझियमचाच घ्या. नेटवरच्या दहा फाइलींत दहा वेगळे फिरोजी मिळतील, अगदी आकाशी निळ्यापासून पुदिन्याच्या हिरव्यापर्यंत. आणि स्क्रीनवरून रंग जुळवू नका. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कॅनव्हास फेकत नाही, त्यामुळे तुमचा ढीग नेहमीच गडद वाटतो आणि तुम्ही पांढरा ओतत सुटता. छापून घ्या, आणि कॅनव्हासवर पडतो त्याच उजेडात बघा.


रसिक_वाचक

सहीचं काय? कायद्याने काही अडचण?


खरडवही

चित्रकार १८९०मध्ये गेला, चित्रावर कॉपीराइट उरलेला नाही. प्रत करणं, विकणं गुन्हा नाही. प्रत मूळ म्हणून खपवणं हा गुन्हा. पॅरिसच्या लूव्ह्र म्युझियममध्ये परवाना घेऊन प्रत करणाऱ्यांना मूळ मापापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी करावी लागते आणि सही उतरवायची नसते. नियम लूव्ह्रचा असला तरी घरी पाळायला सोपा आहे. ८० टक्के म्हणजे ५२ × ४३.४ सेंमी, प्रमाण तेच राहतं. फक्त लक्षात ठेवा की २४ × २० इंच हे मूळ मापाच्या फार जवळ आहे, म्हणून मागे स्पष्ट लिहा: 'प्रत', तुमचं नाव, वर्ष.

लिहायचं ते चौकटीच्या लाकडावर. कॅनव्हासच्या पाठीवर मार्कर वापरला तर शाई पुढे झिरपते, आणि फिक्या फिरोजीत ती लपत नाही.


ऊनसावली

शेवटचं. व्हार्निश आणि काच?


जवसतेल

व्हार्निश सहा महिने ते वर्षभर नको. त्या काळातल्या बऱ्याच चित्रकारांना ते नकोच असायचं, आणि जाड फटकाऱ्यांत व्हार्निशची तळी साचतात, ती वाळल्यावर खाचांत काचेचे तुकडे अडकल्यासारखी चमकतात. द्यायचंच तर मॅट, स्प्रेने, दोन पातळ हात, चित्र आडवं ठेवून. काच लावणार असाल तर रंगाच्या सगळ्यात उंच टोकापासून निदान ५ मिमी अंतर राहील अशी पट्टी फ्रेममध्ये घालून घ्या, आणि तीही चित्र पूर्ण वाळल्यावरच. ओल्या तैलरंगाला हवा लागते.